बावीस ठिकाणं, सहा रात्री आणि एक बॅग दशम्या

रावेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरची केळीची बाग, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने दिवाळीनंतर आईवडील आणि आजी यांना मॉरिशसला न्यायचं ठरवलं आहे. सहा रात्री, नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात. घरातलं कुणीच याआधी देशाबाहेर गेलेलं नाही. बॅगा भरायच्या आधीच भांडण सुरू झालं आहे, आणि तेही जेवणावरून. लेकीने फोनवर ‘इथे खाल्लंच पाहिजे’ अशा बावीस ठिकाणांची यादी केली आहे. यजमान म्हणतात, भाकरीवाचून माझं डोकं दुखतं, एक बॅग नुसती खाण्याची घेऊ. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. मांस-मासे-अंडं चालत नाही, एकादशी करतात, आणि तिथे सगळं माशाच्याच तेलात तळतात असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं आहे. जाऊबाई मागच्या वर्षी जाऊन आल्या. त्यांचा सल्ला, ‘वेडेपणा करू नका, रोज इंडियन बुफेच घ्या, पनीर असतंच.’ ताई विचारतात, सगळ्यांचं पोट सांभाळून कुठे कुठे खावं? आणि अगदी शेवटी, कागद संपत आल्यावर बारीक अक्षरात : ‘मला मात्र एकदा तरी रस्त्यावर उभं राहून तिथलं काहीतरी खायचं आहे.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वरून खाली आणि नंतर त्या शेवटच्या ओळीपासून वर. दोन पानांत यजमानांची भाकरी आली, सासूबाईंची एकादशी आली, जाऊबाईंचं पनीर आलं, लेकीची यादी आली. तुमची भूक समासात राहिली. उत्तर लिहिताना मी तिला मधोमध आणून ठेवणार आहे, रागावू नका.

आधी यादीबद्दल. लेकीचा उत्साह खरा आहे, पण हिशोब चुकलाय. सहा रात्री म्हणजे हाताशी पूर्ण दिवस पाच. नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, त्याचे पैसे आधीच भरलेले. म्हणजे बाहेर खायला उरली पाच दुपारची जेवणं आणि फार तर पाच संध्याकाळच्या तोंडात टाकायच्या गोष्टी. त्यात बावीस ठिकाणं बसवायची तर माणसं फिरायला नाही, हजेरी लावायला जातील.

पण मला यादीतली दुसरीच गोष्ट खटकते. यादी ठिकाण सांगते, वेळ सांगत नाही. समजा पुण्या-मुंबईचं कुणी फोनवर ‘जळगावचं भरीत खाल्लंच पाहिजे’ असं वाचून भर वैशाखात आपल्याकडे आलं. हॉटेलात त्याला वांगं मिळेलच, का नाही मिळणार? पण भरताची ती पांढरट-हिरवी मोठी वांगी, थंडीतलं शेत, कपाशीच्या काड्यांचा जाळ, बडगीत ठेचलेली मिरची आणि कळण्याची भाकरी हे त्याला मिळणार नाही. तो परत जाऊन म्हणेल, ठीक होतं, एवढं काय त्यात! चूक ना त्याची, ना भरताची. मॉरिशसलाही हेच आहे. तिथलं रस्त्यावरचं खाणं मुख्यतः सकाळ-दुपारचं. राजधानी पोर्ट लुई कचेऱ्या सुटल्या की ओस पडायला लागते. संध्याकाळी सात वाजता तिथे यादी घेऊन गेलात तर बंद शटर बघून परत याल.

आता जाऊबाईंचं पनीर. मी कुठल्या कंपनीबरोबर गेले होते ते सांगत नाही, पण एका बेटावर चार रात्री ओळीने तीच लाल ग्रेव्ही खाल्ली आहे. चौथ्या रात्री वाटलं, यापेक्षा भुसावळ स्टेशनवरचा वडा बरा होता. जाऊबाईंचं चुकलं असं नाही. अनोळखी मुलुखात ओळखीचं ताट समोर आलं की जीव खाली पडतो. पण ‘ओळखीचं’ म्हणजे पनीरच, हे कुणी ठरवलं? रावेरच्या घरात पनीर आठवड्यातून किती वेळा होतं?

इथेच मॉरिशसची गंमत आहे. तिथलं सगळ्यात लाडकं, गल्लोगल्ली मिळणारं खाणं म्हणजे धोल पुरी, आपल्या भाषेत डाळपुरी. पिवळी डाळ बेताची शिजवायची, कोरडी मोकळी वाटायची, त्यात हळद-जिरं घालायचं, मैद्याच्या उंड्यात भरायची, पातळ लाटायची आणि तव्यावर भाजायची. तव्याला तिथेही तवाच म्हणतात. सासूबाईंना एवढंच सांगा, ‘बिनगुळाची पुरणपोळी.’ आपल्या खापरावरच्या पोळीसारखी हातावर फिरवून मोठी केलेली नसते, आणि तुमच्या हातच्या मांड्यांची सर तिला येणार नाही, हे मी आधीच कबूल करते. पण ती कागदात गुंडाळून गरम हातात आली की परकी वाटत नाही. कधीही एक मागायची नाही, जोडीच घेतात. तिथल्या क्रिओल भाषेत ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी. आत मोठ्या पांढऱ्या वालाच्या दाण्यांची आमटीसारखी दाट भाजी, त्याला ‘ग्रो प्वा’ म्हणतात. वर टोमॅटोची ‘रुगाय’ आणि चटणी. चटणीला ते ‘साटिनी’ म्हणतात, म्हणजे शब्दसुद्धा घरचाच. रोझ हिल गावातलं ‘देवा’ हे दुकान यासाठी प्रसिद्ध आहे आणि लेकीच्या यादीत ते असणारच. पण तेवढ्यासाठी बेट ओलांडू नका. काचेच्या पेटीमागे उभा असलेला, ज्याच्यासमोर शाळेची पोरं आणि कचेरीतले लोक रांग लावून आहेत असा कुठलाही विक्रेता चालेल.

ही पुरी तिथे गेली कशी, हे सासूबाईंना जरूर सांगा. 1834 पासून 1920 पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं करारावर मजुरीसाठी हिंदुस्थानातून तिथे नेली गेली, उसाच्या मळ्यांत राबायला. बोटीतून उतरून ती ज्या पायऱ्या चढली तो आप्रवासी घाट पोर्ट लुईमध्ये आहे. 2006 पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. बहुतेक जण भोजपुरी मुलखातले, पण तमिळ-तेलुगू आणि मराठीही होते. तिथे मराठी घरं आजही आहेत, शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. म्हणजे सासूबाई ज्या देशाला घाबरताहेत तिथे बाप्पाला सुट्टी मिळते. त्यांच्या घाबरण्याला हसू मात्र नका. या वयात पहिल्यांदा विमानात बसायचं, त्यात आयुष्यभर पाळलेलं नेमकं परदेशात मोडलं तर, ही धास्ती खरी आहे. ती ‘काही होत नाही हो’ म्हणून जात नाही, नीट माहिती दिली की जाते.

तर माहिती अशी. माशाच्या तेलात तिथे काही तळत नाहीत. पण मासा ताटात दिसतो त्याहून जास्त चटणीत लपलेला असतो, हे कुठल्याही बेटावर जाणाऱ्या शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावं. मॉरिशसला मिरचीच्या ठेच्यात, ज्याला ‘माझावारू’ म्हणतात, कधीकधी सुकट कोळंबी असते. श्रीलंकेत नारळाच्या संबोलमध्ये सुकवलेला मासा कुटून घालतात. बालीच्या संबलमध्ये कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, आणि थायलंडच्या बेटांवर माशाचा सॉस मिठासारखा पडतो. म्हणून भाजीबद्दल विचारून थांबायचं नाही, चटणीबद्दलही विचारायचं. दोन वाक्यं सासूबाईंच्याच डायरीत लिहून द्या : ‘मो पा मांझ लाव्यान, पा मांझ प्वासों’, म्हणजे मी मांस खात नाही, मासे खात नाही. आणि एक शब्द : ‘कारेम’. तिथले हिंदू उपास-व्रत करतात तेव्हा हाच शब्द वापरतात. कारेम म्हटलं की विक्रेत्याला मांस-मासे-अंडं नको हे पुढे समजवावं लागत नाही. पुष्कळ जणांना हिंदीही कळतं. आजींनी स्वतः विचारू दे. तुम्ही मध्ये दुभाष्या होऊ नका.

यजमानांसाठी माझ्याकडे एक घड्याळाची गोष्ट आहे. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ते घरी बाराच्या ठोक्याला जेवत असतील तर तिथे त्यांना भूक लागेल साडेदहाला. हॉटेलातलं दुपारचं जेवण तेव्हा तयार नसतं, पण डाळपुरीच्या गाड्यावर ती वेळ ऐन भराची. पहिल्या दिवशी त्यांच्याशी वाद घालू नका. साडेदहाला पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात उभं करा आणि भुकेवर सोडून द्या. भाकरीचा हट्ट पुष्कळदा चवीचा नसतो, ताई. अनोळखी ठिकाणी काय मागायचं, कसं मागायचं, चुकलं तर लोक हसतील का, याचा तो असतो. रावेरच्या बाजारात ज्या माणसाला चार लोक नमस्कार करतात, त्याला काउंटरवर बोट दाखवून मागायला लागणं जड जातं. ‘एन पेर’ हे दोन शब्द त्यांना मुंबईच्या गाडीतच पाठ करायला लावा. पुढचं ते बघून घेतील.

तरी थोडं सोबत न्याच, उगाच मोठेपणा नको. मेथीच्या दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, केळीचे वेफर्स. बस. कळण्याची भाकरी तव्यावरून उतरल्यावर खायची, ती विमानात नेऊन तिचा अपमान करू नका. ताजी फळं, भाज्या, रोपं, बियाणं न्यायला तिथे परवाना लागतो, त्यामुळे बागेतला केळीचा घड आणि परसातला कढीपत्ता घरीच राहू दे. यजमानांना हे नीट समजवा, कारण आपल्या शेतातलं चार लोकांना दाखवायची हौस मला माहीत आहे. आणि हॉटेलच्या खोलीत विजेची शेगडी काढून फोडणी द्यायची नाही. धुराची घंटा वाजते, सगळा मजला खाली उतरतो. हे मी ऐकीव सांगत नाही, एवढंच बोलते.

पोर्ट लुईचा दिवस मी तुम्हाला जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं हुकलं तरी हा हुकू नये. सकाळी आप्रवासी घाट बघा. तिथून बाजार पायी जाण्याजोगा आहे. बाजारात आधी खायचं नाही, आधी भाजी बघायची. तुम्ही आणि सासूबाई तिथे अर्धा तास हलणार नाही, मी पैज लावते. शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या असतात, अळूची पानं असतात; पालेभाजीला ते ‘ब्रेद’ म्हणतात आणि रोजच्या जेवणात खातात. मग पुरीची जोडी. मग ‘गातो पिमां’, म्हणजे वाटल्या डाळीत हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून तळलेले छोटे वडे. तिथले लोक ते पावात, लोणी लावून, नाश्त्याला खातात. शेजारीच वांग्याच्या कापांची भजी असतील, ‘गातो ब्रेंझेल’. खान्देशच्या माणसाने वांग्याला परदेशात ओळख दाखवली नाही असं व्हायला नको. शेवटी आलुदा : गार दूध, भिजवलेला सब्जा, चायना ग्रासचे धागे, गुलाबी सरबत. आपला फालुदाच, पण पिण्याइतका पातळ. बाजारातलं ‘पिल्ले’ यांचं दुकान त्यासाठी जुनं आणि गजबजलेलं. वर आइसक्रीम घेतलंत तर यजमानांचा ग्लास आधी संपेल. रविवारी बाजार लवकर आवरतो, तेव्हा हा दिवस आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ठेवा.

लेकीलाही काही हवंच. बाजाराजवळच चिनी वस्ती आहे. तिथे ‘बुलेत’ म्हणजे वाफवलेले गोळे रश्श्यातून देतात, आणि तळलेल्या शेवया, ‘मिन फ्री’. रस्सा बहुधा कोंबडीचा किंवा माशाचा आणि शेवयांत ऑयस्टर म्हणजे शिंपल्यांचा सॉस, म्हणून सासूबाईंना तिकडे नेऊ नका. तुम्ही खाता की नाही, ते तुम्ही पत्रात लिहिलंच नाही! सगळ्यांचं लिहिलंत, स्वतःचं नाही. खात असाल तर यजमान आणि सासूबाईंना आलुद्याजवळ बाकावर बसवा आणि मायलेकी दोघीच अर्ध्या तासासाठी जाऊन या. चौघांनी चारही वेळा एकाच टेबलावर बसलं पाहिजे असा काही नियम नाही. आपल्याकडे भरीत-पार्टीतसुद्धा म्हातारी माणसं झाडाखाली आणि पोरं चुलीपाशी असतात, त्याने पार्टी मोडत नाही.

बाकीचे दिवस भराभर सांगते. पूर्वेकडच्या छोट्या बेटावर, इल ओ सेर्फला, सहल असेलच. ती शक्य असेल तर बुधवारी किंवा रविवारी घ्या, कारण त्या वाटेवर सेंट्रल फ्लाकचा मोठा उघडा बाजार त्या दिवशी भरतो. बोटीवरच्या जेवणात मासे-कोंबडीच जास्त असते, म्हणून सासूबाईंसाठी बाजारातूनच पुऱ्या बांधून घ्या. दक्षिणेकडे शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव यांचा दिवस असतो. तेव्हा ड्रायव्हर ठरलेल्या हॉटेलात नेईल. त्याला सकाळीच विचारा, ‘तुम्ही स्वतः दुपारी कुठे खाता?’ हा प्रश्न मी जिथे जाते तिथे विचारते, आणि फार थोड्या वेळा फसले आहे.

एक दिवस यजमानांच्या नावाने ठेवा. पाम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानात परातीएवढ्या, किंबहुना परातीहून मोठ्या पानांच्या कमळवेली आहेत. त्याच्या जवळच जुन्या साखर कारखान्याचं संग्रहालय आहे, ‘लाव्हाँत्यूर द्यू स्यूक्र’. ऊस, मळे, मजूर, यंत्रं असा सगळा इतिहास, आणि शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. काहींना थेट काकवीचा वास. शेतकरी माणूस तिथून लवकर निघत नाही. दुपारचं जेवण लांबलं तर लांबू दे, एवढ्या साखरेनंतर कुणाचं डोकं दुखणार नाही.

परतीच्या दिवशी वेळ उरला तर माहेबूर गाव विमानतळाजवळच आहे. सोमवारी तिथे मोठा बाजार असतो. तिथे ‘रो’ घराण्याचा बिस्किटांचा छोटा कारखाना 1870 पासून आहे. बिस्किटं कसाव्याच्या कंदाची, लोखंडी पत्र्यावर, उसाच्या वाळल्या पानांच्या जाळावर भाजलेली. आपला साबुदाणाही त्याच कंदापासून होतो. मग ती बिस्किटं एकादशीला चालतील का? हा निकाल मी देणार नाही, सासूबाईंनीच द्यावा. त्यांना विचारल्याचं त्यांना फार बरं वाटेल.

पैशांचं एक सांगायचं राहिलं. तिथलाही रुपयाच, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग. किती पट, ते निघताना त्या दिवसाचा दर बघून ठरवा. पाटीवरचा आकडा वाचून स्वस्त वाटलं की मनात गुणाकार करा. तरीही डाळपुरी हे तिथलं सगळ्यात स्वस्त जेवणांपैकी एक आहे, आणि तुमच्या त्या रोजच्या बुफेपुढे तर काहीच नाही.

आता तुमची ती बारीक अक्षरातली ओळ. समुद्रकिनाऱ्यावर अननसवाले फिरतात. तिथला अननस लहान, गोड, घट्ट. देठ तसाच ठेवून डोळे तिरके कापून काढतात, म्हणजे आइसक्रीमच्या कांडीसारखा हातात धरता येतो. वर मीठ, मिरची, चिंच. उत्तरेला मों श्वाझीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, तिथे संध्याकाळी गाड्यांभोवती घरचीच माणसं असतात. यजमानांना आणि सासूबाईंना सावलीत बसवा, लेकीला फोटो काढू दे, आणि तुम्ही एक अख्खा अननस स्वतःसाठी घ्या. अर्धा करून वाटू नका. कुणी मागितला तर त्यांनाही विकत मिळतो.

तुमची,
सदरलेखिका

ता. क. मिरचीचा ठेचा नेणारच असाल, आणि नेणारच आहात, तर घट्ट झाकणाच्या डबीत, दोन पिशव्यांत गुंडाळून, विमानात सोपवायच्या मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेत ठेवलात तर तो ओल्या पदार्थात मोजतात आणि मुंबईच्या तपासणीतच काढून घेतात. माझा एकदा तिथेच राहिला आहे, दगडी खलात कुटलेला.